बारदानासकट तेवीस

बार्शीच्या मार्केट यार्डात तात्यांचं आडत दुकान आहे. त्यांच्या काट्यावर आजवर ज्वारी, तूर, उडीद, सोयाबीन आणि एकदा पैजेपायी खुद्द तात्या चढलेले आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्याच काट्यावर आमची अमेरिकेला जाणारी बॅग चढली. तोलारानं सवयीनं आधी तिच्या कुशीत एक थाप मारली, मग वजन पुकारलं, "चोवीस तीनशे!"

"तेवीस चालतं," मी म्हणालो.

"बारदान धरून का सोडून?" तात्यांनी विचारलं.

"धरून."

तात्यांनी चष्मा कपाळावर नेला. पोत्याचं वजन धान्यात धरायचं नसतं, ही यार्डातली बाराखडी. बारदान वजा करून मगच पट्टी होते. त्यांनी मला तिथल्या तिथं बॅग उपसायला लावली आणि रिकामी बॅग काट्यावर ठेवली. साडेचार किलो भरली. "म्हणजे तेवीसातले साडेचार नुसते खोक्याचे! सर, त्यापेक्षा गोणीत भरून न्या. गोणी किलोच्या आत बसते, आणि वरून हूक लावता येतो."

आम्ही हसलो. तो सल्ला तेव्हा मानला असता तर निदान एक गोष्ट नक्की झाली असती. विमानतळाच्या बेल्टवर एकसारख्या तीनशे काळ्या-निळ्या बॅगा फिरत असताना, लाल शाईत आडतीचा मार्का मारलेलं तुरीचं पोतं चुकून दुसऱ्यानं उचललं नसतं.

बॅगेत अमेरिकेतल्या पोरीनं सांगितलेला माल होता. काळं तिखट, येसूर, उखळात कुटलेली शेंगाची चटणी, हुलग्याचं पीठ, तूरडाळ, चवडच्या चवड कडक भाकरी आणि हे सगळं गुंडाळायला सोलापुरी चादर. चादर हलकी नसते. पण "चादर काढू या" असं म्हटल्यावर बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझ्या दोन पँटी काढल्या. तरी वजन जास्तच. मग मी विमान कंपनीनं पाठवलेली मनाईची यादी मोठ्यानं वाचायला घेतली. पेट्रोल नको, फटाके नकोत, पॉवर बँक सामानात नको, हातात ठेवा. सुकं खोबरं नको.

"खोबरं?" बायको म्हणाली. "खोबऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?"

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल फार. कोंदट जागेत ऊब धरली की ते काडी न लावता आपणहून पेटू शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या जागतिक नियमांत त्याची गणती चक्क ज्वालाग्राही मालात होते आणि आपल्याकडच्या विमानतळांवर ते सामानात चालत नाही. हे सगळं मी नीट, फळ्यावर लिहिल्यासारखं सांगितलं.

"माझ्या डब्यात लग्न झाल्यापासून खोबरं आहे. अजून एकदाही पेटलं नाही," ती म्हणाली, आणि खोबऱ्याच्या वाट्या तिनं बाजूला काढल्या. बाजूला काढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाजूला म्हणजे नेमक्या कुठं, ते मात्र पाहिलं नाही.

बॅग शेवटी बावीस नऊशेवर आली. तात्यांनी पाटीवर खडूनं लिहून ठेवलं, "सर – अमेरिका – २२.९००". त्यांच्याकडं प्रत्येक मालाची नोंद असते.

सामानाच्या बाबतीत बार्शीकर मुळातच कुणावर विश्वास ठेवत नाही. त्याला कारणं आहेत. एस.टी.च्या टपावर सामान टाकायचे दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना आठवत असेल. गाडी माढ्यात थांबो की मोडनिंबात, प्रत्येक थांब्याला घरटी एक माणूस खाली उतरून मान वर करून उभा. चहा नाही, पाणी नाही, नजर फक्त शिडीवर. टपावरून उतरणारं प्रत्येक बाचकं आपलंच आहे, या संशयानं तो ते पारखायचा आणि नाही म्हटल्यावर जरा हिरमुसायचा. आमचे आजोबा तर माणसं आणि सामान वेगळं मोजतच नसत. "अकरा नग" म्हणजे सहा पेट्या-गाठोडी आणि पाच आम्ही. एकदा कुर्डुवाडीला मोजणीत दहाच भरले. आजोबांनी आधी सामान पाहिलं, ते सहाच्या सहा होतं, मग ते निवांत बसले. अकरावा नग म्हणजे माझा चुलता. तो भजी खायला गेला होता.

ही मोजणी कुर्डुवाडीलाच व्हायची, त्याला रेल्वेचा इतिहास जबाबदार आहे. मोठी लाइन बार्शीला वळसा घालून गेली. आमच्या वाट्याला स्टेशन आलं ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. गाव राहिलं बाजूला, पस्तीस किलोमीटरवर. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढं ती लातूरला गेली, पंढरपूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. यात्रेच्या दिवसांत मालडब्यांतसुद्धा वारकरी बसायचे. जगभरातले छोट्या रुळांचे शौकीन अजून या लाइनचं नाव घेतात. आमच्या आजोबांचं मत थोडं वेगळं होतं. गाडी चांगली, पण रूळ अडीच फुटी आणि मोठ्या लाइनचे साडेपाच फुटी, त्यामुळे मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीला सगळा पसारा एका गाडीतून काढून दुसरीत चढवायचा. तुरीची पोती, कापसाचे गठ्ठे, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांना हाच नियम. "सामान गाडीत हरवत नसतं. गाडी बदलताना हरवतं," असं आजोबा म्हणायचे.

आजोबा विमानात कधी बसले नाहीत. पण विमानांच्या सामानाचा जगभराचा हिशेब ठेवणारे आज हेच सांगतात. चुकणाऱ्या बॅगांतल्या सगळ्यात जास्त बॅगा एका विमानातून दुसऱ्यात जाताना चुकतात. जगाची कुर्डुवाडी झालीय, एवढाच त्याचा अर्थ.

कॅलथ्रॉपबद्दल एक गोष्ट राहिली. लेखाशी तिचा संबंध आहे की नाही, वाचकांनी ठरवावं. बार्शीची रेल्वे मार्गी लावून हा गृहस्थ मायदेशी परतला आणि पुढं पॅराशूट बनवण्याच्या नादी लागला. त्याच्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल', म्हणजे पाठराखा देवदूत. पहिल्या महायुद्धात विमानातून माणसं खाली सोडायला ते वापरलं गेलं. म्हणजे ज्या माणसानं बार्शीकरांना सामान चढवायला-उतरवायला लावलं, त्यानंच विमानातून ओझं सुखरूप खाली कसं पोचवावं याचा ध्यास घेतला. मला यात प्रायश्चित्ताचा भाग दिसतो.

२००८ मध्ये आमची लाइन मोठी झाली. आता लातूर-मुंबई एक्स्प्रेस मध्यरात्री बार्शीला येते आणि कुर्डुवाडीला कुणाला उठवत नाही. आम्ही तिनंच निघालो. चार मोठ्या बॅगा, दोन हातातल्या, दोन माणसं, आठ नग. सवय म्हणून कुर्डुवाडीला मी जागा झालो, बाकाखाली हात घालून चार मोजल्या आणि झोपलो. हा प्रवासातला शेवटचा टप्पा, जिथं माझं सामान माझ्या हाताला लागत होतं.

मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीनं बॅगा एकेक करून पट्ट्यावर ठेवायला सांगितल्या. तिचा काटा आणि तात्यांचा काटा यांत शंभर ग्रॅमचा फरक आला. मी तात्यांच्या बाजूनं होतो. मग तिनं प्रत्येक बॅगेच्या कडीत एक लांब पांढरी चिकटपट्टी अडकवली आणि तिचाच एक चिटोरा माझ्या पासच्या पाठीवर चिकटवला. बस्स. बावीस किलो नऊशे ग्रॅमचा माल दिला आणि हातात काय, तर बोटभर कागद.

तो कागद मी विमान सुटेपर्यंत वाचत होतो. आडतीच्या भाषेत ती बिल्टीच. वर मोठ्या अक्षरांत ठिकाणाची तीन अक्षरं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रवासी विमानतळाला अशी तीन अक्षरं दिलेली आहेत आणि बॅगेला तेवढीच वाचता येतात. पुण्याची पीएनक्यू. सोलापूरची एसएसई. २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान जातं, त्यामुळे ही अक्षरं आता खऱ्याखुऱ्या बॅगांवर झळकतात. मुंबईची बीओएम, कारण बॅगांच्या लेखी ती अजून बॉम्बेच आहे. १९९५ चं नामांतर त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. अक्षरांच्या खाली उभ्या-आडव्या काळ्या रेघा आणि दहा आकडे. त्यातला पहिला आकडा टॅग कोणत्या प्रकारचा ते सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा आपल्या बॅगेचे. वाटेत जागोजागी यंत्रं ती पट्टी वाचतात आणि बॅग कुठं वळवायची ते ठरवतात. २०१८ च्या जूनपासून विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा ठरावच आहे, की प्रत्येक बॅगेची निदान चार ठिकाणी नोंद झाली पाहिजे. प्रवाशाकडून घेतली तेव्हा, विमानात चढवली तेव्हा, मधल्या गावी हात बदलला तेव्हा आणि परत प्रवाशाला दिली तेव्हा.

हे मी नंतर तात्यांना सांगितलं. "त्यात काय नवं?" ते म्हणाले. "काटा, चाळण, गाडी, गोदाम. चार नोंदी आमच्याकडं माझ्या आज्यापासून आहेत."

आमच्या त्या बॅगेच्या पोटात आणखी एक चीज होती. पोरीनं मागच्या खेपेला पाठवलेला एअरटॅग. पेढ्याएवढी, पेढ्यासारखीच गोल पांढरी वस्तू. तिला स्वतःला काहीही कळत नाही. आसपास कुणाचा आयफोन फिरकला की त्याच्या कानात "मी इथं आहे" एवढं कुजबुजते आणि तो फोन ते मालकाला कळवतो. मालक म्हणजे पोरगी. पण हल्ली हा ठावठिकाणा चार-पाच जणांत वाटून घेता येतो. पोरीनं तो उपळाई रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याला वाटला, कारण आख्ख्या भावकीत आयफोन त्याच्याकडंच. माझ्याकडं साधा फोन. म्हणजे आमच्या बॅगेवर न्यू जर्सी आणि बार्शी, दोन्हीकडून नजर होती. नव्हती ती फक्त आमची.

मुंबईत फाटकापाशी बसलो असताना लाउडस्पीकरवरून कुणाला तरी पुकारत होते. तीनदा पुकारलं. "मिस्टर गोडबडे की घोरपडे, कुणीतरी आहे," मी बायकोला म्हणालो, "लोक वेळेवर येत का नाहीत, कुणास ठाऊक." आमचं आडनाव यातलं कुठलंच नाही. पण त्या आवाजातून गाळल्यावर कुठल्याही मराठी आडनावाचं काय होईल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आखातात विमान बदललं. तिथल्या झगमगाटात सोन्याची दुकानं पाहून बायको म्हणाली, "इथं बॅग हरवली तर सापडायची नाही." तिचं लक्ष त्या वेळी नेमकं का बॅगेकडं गेलं, याचा उलगडा मला आठ दिवसांनी झाला.

नेवार्कला उतरलो तेव्हा तिथं दुपारचे चार वाजले होते. बेल्ट सुरू झाला. तुम्ही कितीही वेळा गेला असाल, बेल्टपुढं सगळे सारखे. कोट-टाय वाले, दोन पोरं काखेत घेतलेल्या आया, आम्ही, सगळे त्या रबरी पडद्याकडं टक लावून. आमच्या बॅगांना खूण म्हणून बायकोनं तोरणाच्या गोंड्यातले लाल लोकरीचे गोंडे बांधले होते. एकमेव खूण, असा तिचा दावा. पहिल्या पाच मिनिटांत लाल गोंड्याच्या सात बॅगा आल्या. त्यातल्या तीन आमच्या निघाल्या. एकीसाठी तर एका तेलुगू गृहस्थाशी माझी थोडी ओढाताण झाली. त्यांच्या बायकोनंही तोच विचार केला होता.

चौथी येईना. बेल्ट फिरत होता, माणसं पातळ होत होती. शेवटी एक बेवारस छोटी गुलाबी बॅग, एक पुठ्ठ्याचं खोकं आणि आम्ही दोघं उरलो.

अंबरीष राजाची गोष्ट बार्शीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. राजानं एकादशी केली, द्वादशीला पारणं सोडायचं, आणि पाहुणे आलेले दुर्वास ऋषी आंघोळीला म्हणून गेले ते परत येईनात. इकडं द्वादशी सरत चाललेली. जेवावं तर पाहुण्याचा अपमान, थांबावं तर व्रत मोडतं. राजानं मध्यम मार्ग म्हणून घोटभर पाणी घेतलं. तेवढ्यात ऋषी आले आणि मग भगवंताला धावून यावं लागलं. म्हणून तर बार्शीत भगवंताचं देऊळ आहे आणि पंढरपूरची एकादशी करून वारकरी द्वादशी सोडायला आमच्याकडं येतात. त्या बेल्टपुढं मला राजाचा पेच पहिल्यांदा कळला. बाहेर पोरगी थांबलेली. निघावं तर पाठीमागं बॅग यायची, थांबावं तर काळ जात नाही. मी कोपऱ्यातल्या नळाला जाऊन घोटभर पाणी प्यायलो. दुर्वासही आले नाहीत, बॅगही नाही.

खिडकीपाशी एक बाई बसली होती. तिनं शांतपणे फॉर्म पुढं केला. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, आश्चर्यही नव्हतं. घरोघरी मयतीचे फॉर्म भरून घेणाऱ्या तलाठ्याचा असतो, तसा अदबशीर निर्विकारपणा होता. या फॉर्मला सामानाच्या गैरव्यवस्थेचा अहवाल असं भारदस्त नाव आहे आणि तो भरल्याशिवाय विमानतळाबाहेर पडायचं नसतं. बाहेर पडल्यावर तुमचं कुणी ऐकत नाही. मग तिनं बॅगांच्या चित्रांचा तक्ता समोर ठेवला. उभी, आडवी, चाकांची, बिनचाकांची. ते जमलं. रंगावर गाडं अडलं.

"ब्लू," मी म्हणालो.

"निळी कुठाय?" बायको म्हणाली. "मोरपिशी आहे."

"मोरपिशी म्हणजे निळीच ना?"

"हिरव्यावर गेलेली."

बाईनं एकदा माझ्याकडं, एकदा हिच्याकडं पाहिलं आणि 'ब्लू/ग्रीन' असं लिहिलं. आत काय आहे, हा पुढचा प्रश्न. मी काळं तिखट, येसूर, हुलग्याचं पीठ यांचं इंग्रजी करू लागलो. येसूरला इंग्रजीत शब्द नाही. खरं सांगायचं तर बार्शीच्या बाहेर मराठीतही पुष्कळांना तो समजावून सांगावा लागतो. 'ब्राउन पावडर' असं माझ्या तोंडून निघालं आणि विमानतळावर बसून आपण काय बोललो हे लक्षात येताच मी घाईघाईनं 'फूड, फूड' म्हणालो.

बाहेर आलो तर पोरीच्या हातात फोन, आणि फोनवर भाचा. बार्शीत रात्रीचे दीड वाजून गेले होते. तो जागा होता. मागं आणखी तीन-चार आवाज होते, तेही जागे होते.

"मामा, बॅग मुंबईतच आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही उडालात तेव्हापासून. टिपका हललाच नाही. आम्ही तुमचं विमान आखातावरनं जाताना बघितलं, आन् बॅग मागं मुंबईत. लई वाईट वाटलं. पण तुम्हाला सांगायचं कसं?"

म्हणजे आम्ही हजारो मैल ढगांवरून खुशाल जेवत, झोपत, सिनेमे बघत जात होतो, आणि तेवढा वेळ उपळाई रोडच्या आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं की आमची चटणी आमच्याबरोबर नाही. मुलगी सासरी निघाल्यावर तिच्याबद्दलची एखादी बातमी तिला सोडून सगळ्या मांडवाला माहीत असावी, तसं.

पुढचे आठ दिवस ती बॅग गल्लीनं चालवली. सकाळी पेपर टाकणारा विचारायचा, "टिपका हलला का?" डेअरीवर, देवळात, पाणी भरताना तोच विषय. भाचा दर दोन तासांनी निवेदन द्यायचा. एकदा टिपका चारशे पावलं सरकला तर गल्लीत उत्साह पसरला. नंतर कळलं की नुसती खोली बदलली होती. या यंत्राचा हाच जाच आहे. पूर्वी सामान हरवलं की माणूस दोन दिवस तळमळायचा आणि मग सोडून द्यायचा. आता ते कुठं आहे हे मीटर-मीटर कळतं आणि त्याला तिथून हलवणं मात्र तुमच्या हातात नसतं. चिंतेला नकाशा मिळालाय.

मी विमान कंपनीला रोज फोन करत होतो. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एकच वाक्य, शोध चालू आहे. "शोध कशाला? ती मुंबईत आहे," मी सांगायचो. "तुम्हाला कसं कळलं?" "माझा भाचा बार्शीत बसून बघतोय." इथं पलीकडं शांतता पसरायची.

मग मी कायदा वाचायला घेतला. निवृत्त मास्तर अडचणीत आला की वाचतो. १९२९ च्या वॉर्सा करारात हरवलेल्या सामानाची भरपाई किलोवर होती, किलोला अडीचशे सोन्याचे फ्रँक. तात्यांना तो करार फार आवडला. "बरोबर आहे. माल वजनावर, भरपाई वजनावर." पण १९९९ च्या माँट्रियल करारानं ते मोडलं. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. आता वजन कोणी विचारत नाही. माणशी जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर. हे एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कागदी नाणं, मराठीत 'विशेष आहरण अधिकार'. रुपयांत मोजलं तर पावणेदोन लाखांच्या वर जातं. ऐकून बायकोचे डोळे चमकले. मग मी 'जास्तीत जास्त' हा शब्द समजावून सांगितला, आणि नुकसान दाखवावं लागतं हेही. शेंगाच्या चटणीची पावती कुठून आणणार? सामान मोडलं असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. आणि एकवीस दिवस बॅग आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. अमेरिकेत अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो नावाचं गाव आहे. तिथं १९७० पासून एक मोठं दुकान चालतं. विमान कंपन्यांना मालकच सापडले नाहीत अशा बॅगा ते विकत घेतं, उघडतं आणि आतलं सामान विकतं. हे कळल्यापासून बायकोच्या स्वप्नात कुणीतरी गोरी बाई आमच्या येसुराची आमटी करायला लागली. "पाणी जास्त घालेल ती," एवढीच तिची काळजी.

तात्या मात्र पहिल्यापासून निश्चिंत होते. "सर, माल हरवत नसतो. माल चुकत असतो." त्यांचा आडतीतला अनुभव आकड्यांनाही धरून आहे. विमानांत २००७ साली दर हजार प्रवाशांमागं जवळजवळ १९ बॅगा चुकायच्या. २०२४ मध्ये तो आकडा ६.३ वर आला, आणि चुकलेल्यांतल्या बहुतेक उशिरा का होईना दारात येतात. मी त्यांना हे कौतुकानं सांगितलं. तात्यांनी मनात हिशेब केला. "हजार पोत्यांत सहा चुकली तर आमचा हमाल संध्याकाळी जेवणार नाही," ते म्हणाले.

आठव्या दिवशी पहाटे भाच्याचा फोन. "मामा, टिपका गायब!"

गल्लीत घबराट. मग संध्याकाळी टिपका आखातात उगवला आणि बार्शीत कुणीतरी खरोखर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तो अटलांटिक ओलांडून नेवार्कला उतरला आणि पोरीच्या घराकडं सरकू लागला. भाचा फोनवर धावतं वर्णन करत होता, "आता डावीकडं वळला… सिग्नलला थांबला… आला, आला, मामी, दार उघडा!" दार उघडलं. समोर बॅग घेऊन एक सरदारजी, पलीकडं बार्शीत टाळ्या.

गोंडा जागेवर होता. पांढऱ्या पट्टीवर आणखी एक लाल पट्टी आली होती. मी पोचपावतीवर सही करणार, तेवढ्यात फोनवर तात्या आले.

"थांबा. वजन केल्याशिवाय सही करायची नाही."

सरदारजी घाईत होते, पण 'आडत' हा शब्द त्यांना पंजाबातूनच ओळखीचा निघाला. ते थांबले. पोरीच्या न्हाणीघरातला वजनकाटा आणला. आधी मी एकटा चढलो, मग बॅग घेऊन चढलो, मग वजाबाकी केली.

"बावीस शंभर," मी पुकारलं.

तात्यांनी पाटी पाहिली असावी. "आठशे ग्रॅम कडता," ते म्हणाले. "काय कापलं?"

मला संताप आला. कायदा नुकताच पाठ झाला होता. मी तिथंच बॅग उघडली. तिखट होतं, येसूर होता, चटणी, पीठ, डाळ, सगळ्या पुड्या मोजून भरल्या. भाकरींचा चुरा झाला होता, पण चुराही पुरता होता. चादर तेवढी वेगळी दिसली. आम्ही घातली होती गुंडाळून. आली होती चौपदरी, कोपऱ्याला कोपरा लावून, इस्त्रीवाल्यानं घडी घालावी तशी. कुणीतरी ती पूर्ण उलगडली होती, आत काहीतरी पाहिलं होतं आणि मग सभ्यपणे घडी घातली होती.

मला तीनदा पुकारलेलं ते आडनाव आठवलं.

"अगं," मी म्हणालो, "चादरीत काय होतं?"

बायको स्वयंपाकघरात गेली होती. तिथून पातेल्यांचा आवाज गरजेपेक्षा जास्त येत होता. फोनवर बार्शीची आख्खी गल्ली श्वास रोखून होती. थोड्या वेळानं ती दारात आली, पदराला हात पुसत, आणि माझ्याकडं न बघता पोरीला म्हणाली, "आता आमटीला खोबरं कुठनं आणायचं?"

"आई, कोपऱ्यावर इंडियन स्टोअर आहे," पोरगी म्हणाली. "चालत पाच मिनिटं. वाट्यासुद्धा मिळतात."